रिव्हॉल्व्हर झाडताना तोंडावर कण उडतात? या चुका टाळा

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर (काडतुसं बसतात त्या भोकांचा, म्हणजे चेंबरचा, फिरता भाग) आणि नळी हे दोन वेगळे भाग असतात. सिलिंडर फिरायचा तर त्या दोघांत बारीक फट ठेवावीच लागते. गोळी चेंबरमधून नळीत शिरताना या फटीतून तापलेला वायू, काजळी आणि थोडी न जळलेली दारू बाजूंना फेकली जाते. रशियन नागांत एम १८९५ मध्ये घोडा चढवला की सिलिंडर पुढे सरकून फट मिटते, पण ती सोय अपवादानेच मिळते. त्यामुळे बाजूला उडणारी काजळी नेहमीची समजा. गालाला टोचणारे कण किंवा शिशाचे चपटे कपचे मात्र नेहमीचे नाहीत.

"रिव्हॉल्व्हर आहे, उडणारच" म्हणून झाडत राहणं. ही सगळ्यांत घातक चूक. पॉलिकार्बोनेटचा, बाजू झाकणारा सेफ्टी चष्मा घातल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. नंबरचा साधा चष्मा बाजूने उघडा असतो. शेजारच्या नेमबाजालाही चष्मा हवाच, कारण फटीतला फवारा सर्वांत जास्त त्याच्याच दिशेने जातो. म्हणूनच आधी खात्री करा की कण तुमच्याच हत्यारातून येताहेत. ते शेजारच्या लेनमधून येत असतील, किंवा फार जवळ लावलेल्या पोलादी टार्गेटवर आपटून परतत असतील.

पिस्तुलाची सवय असलेले लोक आधाराच्या हाताचा अंगठा पुढे पसरवतात. रिव्हॉल्व्हरवर तो थेट फटीशेजारी येतो. मॅग्नम म्हणजे जादा जोराच्या काडतुसाचा वायू बोट खोलवर कापू शकतो.

टायमिंग, म्हणजे चेंबर वेळेवर नळीसमोर येऊन अडकतो का, हे घाईघाईने तपासणं. कपचे उडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चेंबर आणि नळी एका रेषेत नसणं. गोळी नळीच्या तोंडाशी, म्हणजे फोर्सिंग कोनच्या काठावर घासते, तिचं शिसं सोललं जातं आणि फटीतून बाहेर येतं. तपासण्याआधी सगळे चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव देऊन घोडा अगदी सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर 'कट्‌' आवाज करून जागी अडकला पाहिजे. झटक्यात घोडा चढवला तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. कित्येकांची फसगत इथेच होते. प्रत्येक चेंबर वेगळा तपासा. दोष एकाच चेंबरमध्ये असेल, तर सहापैकी एकाच गोळीला कण उडतात आणि माणूस काडतुसाला दोष देत बसतो.

फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, मोजता येते. साधारण ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.३० च्या वर गेली तर हत्यार गनस्मिथकडे न्या. सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून असं दोनदा मोजा. फरक जास्त असेल तर सिलिंडर पुढेमागे खेळतोय.

सिनेमात दाखवतात तसा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करू नका. ज्या दांड्यावर तो बाहेर झुलतो तो हळूहळू वाकतो आणि रेष बिघडते.

अर्धवट सफाई. नळी आतून चकचकीत, पण फोर्सिंग कोनमध्ये शिशाचा थर आणि सिलिंडरच्या तोंडावर कडक काजळी, हे चित्र फार दिसतं. तिथे पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट वापरा; पॉलिश पेपर किंवा ड्रिल अजिबात नको. रिकामी खोळं काढताना नळी वर करा, म्हणजे दारूचे दाणे खोळं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली अडकणार नाहीत.

नुसता '.३२' आकडा पाहून काडतूस भरणं. आपल्याकडे हा धोका खरा आहे. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाचं, तर 'अशनी' पिस्तुलाला .३२ एसीपी लागतं. एसीपीचं खोळ आखूड असून रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये जातं, पण त्याचा कमाल दाब सुमारे २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि लाँगचा १५,०००. एसीपी या रिव्हॉल्व्हरमध्ये झाडूच नका. ओल लागलेली, वर्षानुवर्षं कपाटात पडलेली काडतुसंही वापरू नका. अशांची दारू नीट जळेलच असं नाही.

झाडलेली खोळं फेकण्याआधी त्यांच्या बुडाची, घोड्याचा ठोका बसतो ती कॅप पाहा. तिला आरपार भोक पडलं असेल तर वायू मागून, थेट तोंडाकडे येतोय. नेमबाजी तिथेच थांबवा.

आवाज फुसका आला आणि फटीतून नेहमीपेक्षा जास्त धूर निघाला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. हत्यार टार्गेटकडेच रोखून अर्धा मिनिट थांबा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत चापाला बोट लावू नका.

दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार या धंद्याला वेगळा परवाना लागतो. जाताना कोणत्या चेंबरला कण उडतात, डावीकडे की उजवीकडे, काडतूस कुठलं, हे लिहून न्या आणि त्याच काडतुसांची रिकामी खोळं सोबत ठेवा.