डाएट मोडतं ते संध्याकाळी: पहिल्या पंधरवड्यातल्या या चुका टाळा

सोमवारी मोठ्या उत्साहाने सुरू केलेलं डाएट शुक्रवारपर्यंत बारगळलं की माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो. ‘माझ्यात मनोनिग्रहच नाही.’ मला हे अजिबात पटत नाही. रोज पहाटे उठून बदलापूरहून सीएसएमटीची लोकल पकडणाऱ्या, उभ्याने जाऊन उभ्याने परत येणाऱ्या माणसात निग्रह नाही, असं कोण म्हणेल? चुकते ती आखणी. आणि ती रोज जवळपास एकाच वेळी चुकते, ऑफिस सुटल्यापासून घरी ताट वाढेपर्यंत.

डबा एक वाजता, जेवण नऊ वाजता

मुंबईत नोकरी करणाऱ्यांचा दिवस असाच असतो. मधले आठ तास एरवी चहा-बिस्किटावर निभतात, पण आता डब्यात चारच्या जागी दोन पोळ्या आहेत आणि भात बंद आहे. सहा वाजता स्टेशनकडे चालताना पोटात कावळे ओरडायला लागतात आणि नेमका तेव्हाच समोर वड्यांचा घाणा कढईतून निघतो.

यात तुमचा दुबळेपणा नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक आपल्या रोजच्या खाण्याच्या वेळांना वाढतं. वर्षानुवर्षं सहा वाजता वडापाव खाल्ला असेल, तर शरीर सहा वाजता मागणारच. वेळा बदलल्या की ही भूकही हळूहळू सरकते, पण त्याला काही दिवस जावे लागतात. तेवढे दिवस निभावून न्यायचे आहेत.

त्यासाठी भूक लागायच्या आधी, पाच वाजता, जागेवर बसूनच खा. ‘ट्रेनमध्ये खाईन’ असं ठरवू नका. गर्दीत हात हलवायला जागा नसते आणि डबा तसाच घरी येतो. दुसरा छोटा स्टीलचा डबा रात्रीच भरून ठेवा, सकाळच्या धावपळीत तो राहतोच. मूठभर फुटाणे, दोन उकडलेली अंडी किंवा उसळीसाठी मोड आणलेल्या मुगांतले वाटीभर वाफवून बाजूला काढलेले, एवढं पुरतं. मुगात कांदा मात्र घरून चिरून घालू नका. संध्याकाळपर्यंत त्याचा असा वास सुटतो की एसी ऑफिसात डबा उघडायचा संकोच वाटतो आणि मग तो उघडलाच जात नाही. लिंबाची फोड आणि मिठाची पुडी वेगळी न्या. पहिले काही दिवस स्टॉल ज्या पुलापाशी आहे तो पूलही टाळा, दुसऱ्या जिन्याने उतरा. चार पावलं जास्त पडली तर पडू देत.

सगळं एकाच दिवशी सोडणं

पोळी, भात, साखर, चहा, सगळ्याला सोमवारी रामराम. मंगळवारी डोकं ठणकतं आणि ‘हे डाएट मला मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा ती डोकेदुखी डाएटची नसते, चहा तुटल्याची असते. कॅफिनची सवय असलेल्याला ते अचानक बंद केल्यावर दिवसभरात त्रास सुरू होतो आणि तो आठवडाभरही चालू शकतो. म्हणून चहा राहू द्या, त्यातली साखर कमी करत न्या. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. कपामागे एक चमचा कमी केला तरी तुम्ही त्या मर्यादेत येता. अर्थात बिस्किटं आणि मिठाईतली साखरही याच मर्यादेत धरायची.

काट्यावर रोज उभं राहणं

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, मैत्रिणींना मेसेज जातात. दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही आणि हातपाय गळतात. खरं तर पहिल्यांदा गेलं ते मुख्यतः पाणी. शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पोळी-भात कमी झाला की हा साठा आटतो आणि पाणी निघून जातं. चरबीचा हिशेब वेगळा. किलोभर चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणून रोज 500 कॅलरी कमी पोटात गेल्या तर आठवड्याला अर्धा किलो उतरतो. तोही रोज सारखा दिसत नाही. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की काटा वर जातो. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करा आणि शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

दोन डाएटची खिचडी

डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवण आणि कुणीतरी सांगितलेलं दर दोन तासांनी खाणं एकत्र चालत नाही. एक धरा आणि निदान महिनाभर तेच ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारणं अगदी आवश्यक आहे, कारण लांबलेल्या उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. इथे हयगय नको.

चतुर्थीचंही आधी ठरवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्यात बटाटा आणि तूप. उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी जास्त बरी, तीही बेताने.

घरी नुसतं ‘मी डाएटवर आहे’ सांगणं

आईला त्यातून एवढंच कळतं की लेक उपाशी राहणार. मग ‘एकच घे, एकाने काय होतंय’ सुरू होतं, त्यामागे माया असते आणि आपण चिडतो. त्याऐवजी नेमकं मागा: ‘आई, पोळ्या दोनच वाढ, पण उसळ वाटीभर जास्त दे.’ वाढायला काहीतरी मिळालं की तिचंही समाधान होतं. आणि ती जास्तीची वाटी खरंच लागते. भारतीय प्रौढांसाठी आयसीएमआरने प्रथिनांचं प्रमाण दर किलो वजनाला 0.83 ग्रॅम सांगितलं आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम. पातळ आमटीत डाळ थोडी आणि पाणी फार. तेवढ्यावर ताट उरकलं की रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतोच. उसळ, अंडी, पनीर, कमी तेलावर भाजलेला बांगडा यांनी पोट टिकून राहतं.

एक दिवस बिघडला म्हणून सगळंच सोडणं

शनिवारी लग्नात जेवण झालं, मग रविवारी ‘आता काय, गेलंच’ म्हणत मिसळ आणि सोमवारी नवा मुहूर्त. मला सर्वांत जास्त हळहळ याची वाटते, कारण इथे काही बिघडलेलंच नसतं. सवय 21 दिवसांत लागते असं सगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं, कुणाला 18, तर कुणाला त्यांच्या अंदाजाने 254. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहू नका, संध्याकाळी ती भूक दुप्पट होऊन येते. रोजचा नाश्ता करा, रोजचंच जेवण जेवा आणि रविवारी रात्री सोमवारचा पाचचा डबा भरून ठेवा.