होल्डर काढला आणि बल्ब पेटला

सहावीला विद्युत परिपथ शिकवताना आकृती सगळ्यांची बिनचूक यायची. पण हातात सेल, टॉर्चचा बल्ब आणि एकच वायर दिली की बहुतेक मुलं वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बच्या बुडाला लावून बघत बसायची.

घोळ होल्डरचा होता. साहित्यपेटीतला बल्ब आधीच होल्डरमध्ये बसवलेला, त्यातून दोन वायरी बाहेर काढलेल्या. बल्बला दोन जागी जोडावं लागतं, नेमकं हेच त्यात झाकलं जातं. मी होल्डर काढूनच टाकले. एक उडालेला बल्ब फडक्यात गुंडाळून स्वतः फोडला आणि भिंगाखाली फिरवला: आतली एक तार बुडाच्या ठिपक्याकडे जाते, दुसरी धातूच्या टोपीच्या कडेला डाग देऊन जोडलेली. मग मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात (1972 ते 2002) करत तशा चार-चार जणांच्या टोळ्या केल्या. आधी अंदाज वहीत, मगच सामान हातात. ही शिस्त मात्र ढिली पडू द्यायची नाही. एकदा बल्ब पेटला की सगळ्यांचा अंदाज ‘बरोबरच होता’!

दुसऱ्या तुकडीला जुन्याच पद्धतीने शिकवलं होतं. काही आठवड्यांनी दोन्ही तुकड्यांना आधी न सांगता एकच प्रश्न दिला: सेल आणि बल्बच्या चित्रात वायर रेखाटून बल्ब पेटवा. पहिल्या तुकडीत वायर टोपीच्या कडेला टेकलेली दिसली, दुसरीत बऱ्याच जणांची पुन्हा बुडालाच. मग त्यांचाही तास घेतला.

एलईडी मात्र इथे आणू नका. 1.5 व्होल्टच्या एका सेलवर तो पेटत नाही, शिवाय उलटा लावला तरी अडतो. जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात 2.5 व्होल्टचे बल्ब अजून मिळतात.