जुन्या ट्रकमधला आवाज: गाडी खोलण्याआधी या चुका टाळा

आमच्या लांब चेसिसच्या सहाचाकी ट्रकमधून, चिरे भरून चढ चढताना, मागच्या बाजूने घुंईऽ असा आवाज येऊ लागला तेव्हा चालकाने पहिल्याच दिवशी निकाल दिला की हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचा गिअर असलेला डबा) गेली. गॅरेजमध्येही तेच मत पडले, त्यातली क्राऊन-पिनियन ही मोठ्या-छोट्या गिअरची जोडी बदलली गेली, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि बाहेर आली तेव्हा आवाज होता तसाच होता. शेवटी चाकांना पुढेमागे गुटके लावून एका वयस्क मेकॅनिकने खालून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या ॲक्सलला नेणारा लांब दांडा) मधल्या आधाराजवळ दोन्ही हातांनी वर ढकलला, तेव्हा तो चांगला बोटभर उचलला गेला. त्या आधारातल्या सेंटर बेअरिंगभोवतीचे रबर पूर्ण फाटलेले होते आणि भाराखाली शाफ्ट त्या रिकाम्या जागेत थरथरत होता. त्या जोडीला निघताना येणारा हलका हादरा चालकाला रोज जाणवत होता, पण त्याबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे: आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो तयार होतो असे मानणे. ट्रकची चेसिस म्हणजे लोखंडाची लांब पट्टी असते आणि ती एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला नेऊन सोडते. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल (हाऊसिंगमधली गिअरांची रचना) आणि मागचा हब (चाकाचा मधला भाग) हे तिन्ही 'मागून' ऐकू येतात. म्हणून 'आवाज कुठून येतो' या प्रश्नाच्या आधी 'आवाज केव्हा येतो आणि काय केल्यावर थांबतो' हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी कागदावर उतरवले पाहिजे.

गाडी उभी असताना होणारी तपासणी

निदानाचा बराच भाग अंगणात उभ्या गाडीवर, क्लचच्या एका पेडलने होतो, आणि तरीही तो बहुतेक वेळा वगळला जातो. पार्किंग ब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे. पेडल सोडलेले असताना गुरगुर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबताच ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा खालच्या काउंटरशाफ्टवर (त्याला समांतर असलेल्या गिअरांच्या शाफ्टवर) जातो, कारण पेडल दाबल्यावर हे भाग फिरायचे थांबतात. उलट, पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर ती क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगची असते. आणि पेडल दाबून गिअर टाकल्यावरही आवाज टिकत असेल तर फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग तपासावे, कारण तेव्हा इंजिन फिरत असते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबलेला असतो. आयडलला येणारा खडखडाट क्लच प्लेटमधल्या मोडलेल्या स्प्रिंगांचाही असू शकतो. एवढी तपासणी न करता गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे चालकाचे आणि मालकाचे दोन दिवस वाया घालवणे आहे.

चालत्या गाडीतला आवाज मोजावा लागतो

दुसरी चूक म्हणजे आवाजाचे नुसते वर्णन करणे आणि त्याची गती न मोजणे. 10.00-20 टायरचा घेर साधारण सव्वातीन मीटर असतो. ताशी 5 किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीच्या वेगाला, ते चाक सव्वादोन ते अडीच सेकंदांत एक फेरा घेते. डिफरन्शियलचे प्रमाण 6 च्या आसपास असेल तर तेवढ्याच वेळात प्रोपेलर शाफ्टचे सहा फेरे होतात. आता टायरवर खडूची एक जाड रेघ मारावी, सपाट आणि मोकळ्या जागेत गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे न्यावी आणि सुरक्षित अंतरावरून एकाने रेघ पाहत ठोके मोजावेत. रेघेच्या प्रत्येक फेऱ्याला एकच 'टक्' येत असेल तर दोष चाकाच्या गतीने फिरणाऱ्या भागात, म्हणजे हब, एक्सल किंवा क्राऊनच्या एखाद्या तुटलेल्या दातात शोधावा. तेवढ्याच फेऱ्यात पाच-सहा ठोके येत असतील तर तो शाफ्टच्या गतीचा भाग आहे: जॉइंट क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), सेंटर बेअरिंग किंवा पिनियन. अर्ध्या तासाच्या या कामाने शोधाचा निम्मा परिसर बाद होतो.

यानंतर सपाट रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने ॲक्सिलरेटर दाबून, मग वेग स्थिर ठेवून, मग गिअर तसाच ठेवून पाय उचलून आवाज ऐकावा. फक्त ओढताना येणारे रडणे क्राऊन-पिनियनच्या दातांच्या एका बाजूची झीज सांगते, पाय उचलल्यावर येणारे दुसऱ्या बाजूची झीज किंवा पिनियनची ढिलाई सांगते, आणि दोन्हीत न बदलणारी गुरगुर बहुधा बेअरिंगची असते. ज्या गिअरबॉक्समध्ये टॉप गिअर डायरेक्ट आहे, तिथे टॉपमध्ये आवाज गेला आणि खालच्या गिअरमध्ये परत आला तर दोष गिअरबॉक्सकडे आहे, डिफरन्शियलकडे नाही. वळणावर बाहेरच्या चाकावर भार वाढतो, म्हणून उजव्या वळणावर वाढणारा आवाज डाव्या हबकडे बोट दाखवतो. सरळ रस्त्यावर शांत असणारी आणि घट्ट वळणावर कटकटणारी गाडी डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांची तक्रार करत असते.

ही चाचणी घाटात करू नये. अनमोड असो वा चोर्ला, उतारावर 'आवाज ऐकण्यासाठी' न्यूट्रल टाकणारे चालक मी पाहिले आहेत. इंजिनचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि पुन्हा गिअर पडेलच याची खात्री नसते. तसेच मागचा ॲक्सल उचलून चाके फिरवायची असतील तर गाडी मजबूत स्टँडवर असावी, पुढच्या चाकांना गुटके असावेत आणि फिरत्या शाफ्टखाली कोणीही जाऊ नये. एका बाजूचे चाक अडले तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते, हे लक्षात असू द्यावे.

टायरच्या घुमण्याला डिफरन्शियलचा दोष समजणे ही चूकही वारंवार होते. जाड नक्षीचे किंवा रिमोल्ड केलेले मागचे टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. डांबरावरून काँक्रीटवर गाडी गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर पाहावेत. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट ढिले असणे आणि शॅकलचे (पाट्यांचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजणे यांचाही 'खट्' आवाज निघताना येतो आणि तो जॉइंट क्रॉसच्या नावावर जातो.

पाणी, लाल माती आणि थांबलेल्या गाड्या

आपल्याकडच्या गाड्यांची एक खास अडचण आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, आणि पुन्हा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केल्यावर सावर्डे, कुडचडे, धारबांदोडा भागांतील कित्येक टिपर महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे, घरासमोर उभे राहिले. मीटरवर चालणे वाढले नाही म्हणून गाडी 'कमी वापरलेली' ठरत नाही. उभ्या गाडीत तेल खाली बसते, वरचे बेअरिंग आणि दात उघडे पडतात, दमट हवेत त्यांच्यावर गंज धरतो, आणि सील कडक होतात. अशी गाडी पुन्हा चालू करताना जुन्याच तेलावर भार टाकणे ही चूक पुढच्या सर्व आवाजांची सुरुवात असते.

ॲक्सलवर एक छोटासा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणारे छिद्र, असतो. लाल मातीच्या चिखलाने तो बुजला की तापलेल्या हाऊसिंगमधला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि गरम ॲक्सल ओहोळाच्या पाण्यात उतरला की आत निर्वात तयार होऊन त्याच सीलमधून पाणी ओढले जाते. पावसाळ्यानंतर ड्रेन प्लग सैल करून पहिली वाटीभर धार काचेच्या बाटलीत घ्यावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि आवाजाचे कारणही बहुधा तेच आहे. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणे नेहमीचे आहे; तो बोटांत चोळावा. लेप लोण्यासारखा पसरला तर चिंता नाही, टोचला किंवा त्यात चकचकीत कपच्या निघाल्या तर गाडी पुढे चालवू नये.

आवाज दाबण्यासाठी जाड तेल किंवा लाकडाचा भुसा घालण्याचा प्रकार विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, वापरणाऱ्याच्या नव्हे. तसेच गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये एकच तेल ओतणेही चुकीचे आहे. हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेत नसलेल्या) क्राऊन-पिनियनला जीएल-5 दर्जाचे तेल लागते, तर पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्सला अनेकदा जीएल-4 सांगितलेले असते. गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेडच घालावा.

दुरुस्तीनंतर नवा आवाज का येतो

जॉइंट क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस उरलेले नाही असे समजावे. ग्रीस भरताना ते चारही टोप्यांतून बाहेर डोकावेपर्यंत पंप मारावा. एका टोपीतून आले नाही तर ती बाजू कोरडीच राहिली आहे. क्रॉस बदलण्यासाठी शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर सेंटर पंचाने खुणा कराव्यात. सरकत्या जोडाची दातेरी स्प्लाइन एका दाताने जरी हुकली तरी शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एका रेषेत राहत नाहीत, आणि ताशी 40 च्या पुढे गाडी थरथरू लागते. मग नवा क्रॉस खराब निघाला असा समज होतो. झिजलेला क्रॉस मात्र चालढकल करण्याचा विषय नाही. पुढचा जोड सुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतते, म्हणून शाफ्टखालची लोखंडी कडी जागेवर आहे का, हे दर वेळी पाहावे.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली जोडी असते. एकच बदलून पैसे वाचवले तर रडणे हमखास येते. नवी जोडी बसवल्यावर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजला का आणि दातांना रंग लावून संपर्काची खूण पाहिली का, हे मालकाने स्वतः उभे राहून विचारावे. आमच्या त्या ट्रकची नवी जोडी 'हाताने हलवून' बसवली होती. सेंटर बेअरिंग बदलल्यावर पहिला आवाज गेला, आणि पाय उचलल्यावर येणारा दुसरा, बारीक आवाज तेव्हा कुठे स्वच्छ ऐकू आला.