पानावरची सावली छपाईत बिघडली, तर काय तपासावे

पाने मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले पान पडद्यावर निर्दोष दिसते. छापून आल्यावर मात्र मथळ्यामागच्या सावलीभोवती पांढरी चौकट उमटलेली असते, शेजारच्या मजकुराची काही अक्षरे जाड झालेली असतात किंवा पार्श्वभूमीचा रंग सावलीपुरताच वेगळा आलेला असतो. या तिन्ही तक्रारी सावलीच्या एकाच इफेक्टमधून उद्भवत असल्या, तरी त्यांची कारणे निराळी आहेत. त्यामुळे सावलीची तीव्रता कमी-जास्त करत बसण्याआधी दोष मूळ फाइलमध्ये आहे, पीडीएफ करताना शिरला आहे, की छापखान्यातल्या रिपमध्ये, म्हणजे पीडीएफचे प्लेटवरच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेत, निर्माण झाला आहे, हे आधी ठरवावे.

यामागचे कारण जुने आहे. छपाईयंत्रांना अनेक वर्षे जी भाषा समजत होती, त्या पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकतेला, म्हणजे सावलीसारख्या खालचे अंशतः दिसू देणाऱ्या वस्तूंना, जागाच नाही. तिथे वरची वस्तू खालच्या वस्तूला झाकते, इतकेच. पीडीएफच्या १.४ या आवृत्तीत, म्हणजे २००१ साली, पारदर्शकता प्रथम आली. त्याआधीच्या १.३ आवृत्तीत पीडीएफ काढल्यास, किंवा छपाईसाठीचा पीडीएफ/एक्स-१ए हा प्रकार निवडल्यास, सॉफ्टवेअरला सावली आणि तिच्याखालचे सगळे काही एकत्र करून त्याचे अपारदर्शक तुकडे पाडावे लागतात. या क्रियेला फ्लॅटनिंग म्हणतात आणि बहुतेक बिघाड तिथेच होतात.

वरच्या तिन्हींआधी आणखी एक, सर्वांत सोपी तक्रार निकालात काढू. फ्लॅटनिंग झालेल्या पीडीएफमध्ये छायाचित्रावर केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसत असतील, तर पीडीएफ पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अ‍ॅक्रोबॅटमध्ये पान खूप मोठे करून पाहावे. चित्र मोठे होऊनही रेषेची जाडी तेवढीच राहत असेल, तर ती तुकड्यांच्या कडा गुळगुळीत दाखवण्याच्या पडद्याच्या पद्धतीतून आलेली असते आणि प्लेटवर सहसा उतरत नाही. पसंतींमधल्या पेज डिस्प्लेमध्ये ‘स्मूथ लाइन आर्ट’ बंद केल्यावर ती नाहीशी झाली, तर शंकेला जागा उरत नाही. ग्राहकाला मंजुरीसाठी पीडीएफ पाठवताना हे एका ओळीत कळवून ठेवावे, म्हणजे रात्री दहा वाजता फोन येत नाही.

पांढऱ्या चौकटीचा प्रश्न अधिक गंभीर असतो आणि तो बहुधा स्पॉट कलरवर, म्हणजे स्वतंत्र शाईने छापायच्या रंगावर, उद्भवतो. लग्नपत्रिकेत सोनेरी शाई पाचवा रंग म्हणून वापरली आहे आणि त्या सोनेरी पट्ट्यावर गणपतीच्या चित्राची काळी सावली पडली आहे, असे समजा. फ्लॅटनिंगनंतर सावली काळ्या शाईच्या प्लेटवर एक आयताकृती चित्र म्हणून उरते आणि सोनेरी रंग त्याच्याखाली कायम राहावा, यासाठी त्या चित्राला ओव्हरप्रिंटची, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापण्याची, सूचना जोडली जाते. रिपने किंवा पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामने ही सूचना मानली नाही, की आयताखालचा सोनेरी रंग कापला जातो आणि सावलीमागे कोरा कागद दिसू लागतो. म्हणून अ‍ॅक्रोबॅटमधला ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू ‘ऑलवेज’ वर ठेवून तपासावे. तरीही चौकट दिसली, तर दोष फाइलमध्ये आहे. ती गेली, तर ओव्हरप्रिंट पाळण्याची सूचना छापखान्याला लेखी द्यावी. प्रत्यक्षात सोनेरी शाई वापरायचीच नसेल आणि तो रंग नेहमीच्या चार शायांतूनच छापायचा असेल, तर इनडिझाइनच्या इंक मॅनेजरमधून स्पॉट रंग प्रोसेस रंगात, म्हणजे त्या चार शायांच्या मिश्रणात, बदलावा. मग हा प्रश्नच उरत नाही. डिफरन्स, एक्सक्लूजन, ह्यू, ल्युमिनॉसिटी यांसारखे ब्लेंड मोड, म्हणजे वरचा रंग खालच्या रंगात मिसळण्याच्या पद्धती, मात्र स्पॉट रंगावर टाळावेत. सावलीसाठी मल्टिप्लाय पुरेसा असतो.

सावलीभोवतीचा रंग किंचित निराळा दिसणे हा रंगव्यवस्थेचा दोष असतो. पानावरचे छायाचित्र आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, असेल, तर त्यातला सावलीखाली येणारा भाग फ्लॅटनिंगच्या वेळी एका मार्गाने आणि उरलेला भाग पुढे रिपमध्ये दुसऱ्या मार्गाने सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, जाऊ शकतो, आणि दोन्हींच्या सीमेवर फिकट चौकोन उमटतो. इनडिझाइनच्या एडिट मेनूतल्या ‘ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस’मध्ये छपाईच्या कामासाठी ‘डॉक्युमेंट सीएमवायके’ निवडलेले आहे का, हे आधी पाहावे. वेबसाठी सुरू केलेली फाइल पुढे छपाईकडे वळली, की इथे हमखास आरजीबी राहून गेलेले असते.

जाड अक्षरांचा दोष मराठी मजकुरात चटकन नजरेत भरतो. पारदर्शक वस्तूचा परिणाम तिच्याखालच्या थरांवरच होतो. त्यामुळे सावली मजकुराच्या वर असेल, तर तिच्या टप्प्यात येणारी अक्षरे फॉन्ट म्हणून उरत नाहीत, त्यांच्या बाह्यरेषा होतात किंवा चित्र होते. देवनागरीची शिरोरेषा सलग असल्याने अर्धा शब्द सावलीत आणि अर्धा बाहेर असेल, तर जोडावर ती पायरीसारखी तुटलेली दिसते. दहा पॉइंटच्या मजकुरात तर जोडाक्षरांमधल्या पोकळ्याही भरून येतात. उपाय सोपा आहे: मजकुरासाठी सर्वांत वरचा स्वतंत्र लेअर ठेवावा आणि सावल्या असलेल्या सगळ्या वस्तू त्याच्याखाली न्याव्यात. विंडो मेनूतल्या फ्लॅटनर प्रिव्ह्यूमध्ये कोणता मजकूर बाधित होतो, ते रंगवून दाखवले जाते. मजकूर खाली ठेवणे अटळ असेल, तर फ्लॅटनरमध्ये सगळ्या मजकुराच्या बाह्यरेषा करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे निदान जाडी सगळीकडे सारखी येते. त्याच ठिकाणी ‘हाय रिझोल्यूशन’ हा तयार पर्याय (प्रिसेट) निवडलेला असल्याची खात्री करावी. त्यात रेषा व मजकुरासाठी १२०० पीपीआय (दर इंचातले बिंदू) असते, तर ‘लो’मध्ये २८८. सावली स्वतः दीडशे ते तीनशेत उत्तम येते, त्यापुढे वाढवून काही मिळत नाही. खरा फरक मजकुराच्या कडांवर दिसतो.

माझ्या मते स्वतः फ्लॅटनिंग करण्याची सवयच आता सोडावी. पीडीएफ/एक्स-४ या नव्या प्रकारात पारदर्शकता जशीच्या तशी राहते आणि २००६ साली आलेल्या अडोबी पीडीएफ प्रिंट इंजिनावर आधारलेले रिप ती थेट हाताळतात. छापखान्याने स्पष्टपणे एक्स-१ए मागितले, तरच वरची सगळी तपासणी करून ते द्यावे.

इनडिझाइनऐवजी कोरलड्रॉ या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी डॉक्युमेंटच्या पर्यायांतले रेंडरिंग रिझोल्यूशन ३०० आहे ना, हे पाहावे. सावली तरीही हटवादीपणा करत असेल, तर कंट्रोल-के देऊन ती वस्तूपासून सुटी करावी आणि तिचे वेगळे बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, करावे. ऑफिसच्या साध्या लेझर प्रिंटरवर मात्र प्रूफ (तपासणीची प्रत) काढताना सावली बिघडली, तर फाइलला हात न लावता अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंट चौकटीतल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडून पुन्हा प्रिंट द्यावी.