देशाचा व्यवहारतोल वाचायचा कसा?

‘चालू खात्यावरची (परदेशाशी वस्तू, सेवा, उत्पन्न आणि पाठवलेला पैसा यांच्या हिशेबातली) तूट वाढली’ एवढ्या बातमीवरून निष्कर्ष काढायला जाऊ नका. तूट भरून काढायला पैसा कोणी दिला, कोणत्या चलनात आणि किती मुदतीने, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. लागणारी बरीचशी माहिती सहसा मध्यवर्ती बँकेच्या व्यवहारतोलाच्या, म्हणजे देशाच्या परदेशाशी झालेल्या सगळ्या देवघेवीच्या, तिमाही तक्त्यात असते.

तक्ता उघडल्यावर आधी चिन्हं तपासा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००९ च्या नियमावलीत वित्तीय खात्यातलं (गुंतवणूक, कर्जं वगैरेंच्या नोंदींतलं) अधिक चिन्ह म्हणजे निव्वळ पैसा बाहेर गेला. कित्येक तक्ते मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे आत आलेला पैसा अधिक धरतात. इथे गफलत झाली की पुढचं सगळं वाचन उलटं होतं. खालच्या उदाहरणात जुनीच पद्धत घेतली आहे; तिच्यात सगळ्याची बेरीज शून्य येते, त्यामुळे पडताळा सोपा जातो.

आकडे नेहमी सलग चार तिमाहींचे घ्या. पर्यटन, शेतमाल, लाभांशाचं वाटप हे सगळं हंगामी असतं. सीमाशुल्क खात्याचे आयातीचे आकडे यात मिसळू नका: त्यांत सहसा जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो, व्यवहारतोलात तो सेवांमध्ये जातो.

आता एक काल्पनिक देश घेऊ, आकडे अब्ज डॉलरमध्ये. वस्तूंचा व्यापार −६०, सेवा +२५, व्याज-लाभांशासारखं प्राथमिक उत्पन्न −२०, परदेशातल्या नातलगांनी पाठवलेला पैसा वगैरे +३०. चालू खातं झालं −२५. भांडवली खात्यावर +१ (कर्जमाफी, भांडवली अनुदानं वगैरे; हे खातं बहुतेक देशांत किरकोळच असतं), म्हणजे २४ ची सोय करायची आहे. थेट गुंतवणूक (कारखाने वगैरेंतली) +१०, शेअर-रोख्यांतली +१२, कर्जांची निव्वळ परतफेड −३, असे १९ आले. गंगाजळीतून (मध्यवर्ती बँकेकडच्या परकीय चलन-सोन्याच्या साठ्यातून) ६ काढले. एकूण २५, गरज २४. उरलेला −१ ‘चूकभूल’ म्हणून दाखवला जातो. चूकभूल कधी इकडे, कधी तिकडे असेल तर सोडून द्या. वर्षानुवर्षं ती उणेच राहत असेल, तर नोंद न होता पैसा बाहेर जात असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

जीडीपी १,००० अब्ज असेल तर ही तूट अडीच टक्के. घाबरण्यासारखी दिसत नाही, पण १२ अब्ज अशा पैशाचे आहेत जो आठवड्याभरात परत जाऊ शकतो, आणि त्यातही गंगाजळीला हात लावावा लागला. कारखान्यात गुंतलेला पैसा असा रातोरात काढता येत नाही. कर्ज डॉलरमध्ये असेल तर आणखी एक हिशेब करा: देशाच्या चलनाचं डॉलरमधलं मूल्य २० टक्क्यांनी घसरलं, तर त्या चलनात मोजलेला कर्जाचा बोजा २५ टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेची तूट २००६ मध्ये जीडीपीच्या जवळपास ६ टक्के होती, तरी हा बोजा तिला लागू नव्हता. तिची परदेशी देणी मुख्यतः डॉलरमध्येच होती.

तूट किती काळ पेलेल याचा ढोबळ अंदाजही बांधता येतो. निव्वळ परदेशी देणी जीडीपीच्या ५० टक्के आणि जीडीपीची चालू किमतींतली वाढ ६ टक्के असेल, तर सुमारे २.८ टक्के तुटीपर्यंत देण्यांचं प्रमाण वाढत नाही (०.५ × ०.०६ ÷ १.०६). विनिमय दर हलला की हे गणित मोडतं, तेव्हा ते दर वर्षी नव्याने मांडा.

तूट म्हणजे गुंतवणूक वजा बचत, हेही विसरू नका. आयातशुल्क वाढवूनही ती बहुधा हटत नाही, ती यामुळेच. बचत आणि गुंतवणूक जागच्या जागी राहिली, तर चलन वधारतं आणि निर्यातीला फटका बसतो.

शेवटी गंगाजळी. तीन महिन्यांची आयात भागेल एवढी असावी, हा जुना ठोकताळा. वर्षभरात फेडायच्या परदेशी कर्जाएवढी तरी असावी, ही कसोटी अधिक कामाची. पण जाहीर आकड्यातून वायदा व्यवहारांत (पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर द्यायच्या करारांत) अडकलेले डॉलर वजा केल्याशिवाय कोणतीही कसोटी लावू नका. थायलंडकडे १९९७ च्या जूनअखेर कागदावर ३० अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी होती. त्यातले २० अब्जांहून अधिक वायद्यांत आधीच बांधले गेले होते. २ जुलैला बाथ (तिथलं चलन) बाजारभावावर मोकळा सोडावा लागला, आणि डॉलरला २५ च्या आसपास असलेला दर पुढच्या जानेवारीत ५० च्या पलीकडे गेला.

गंगाजळी घटली म्हणजे ती विकलीच, असंही नाही. युरो-येन उतरले किंवा सोनं स्वस्त झालं तरी डॉलरमधला आकडा खाली येतो. साठ्यातला फरक आणि व्यवहारतोलातली गंगाजळीची ओळ शेजारी ठेवा. साठा १० ने घटला आणि त्या ओळीत ६ असतील, तर ४ फक्त मूल्यांकनाचे.