जुन्या ध्वनिमुद्रिका: आधी तबकडी, मग पट्टी, मग परीक्षण

शास्त्रीय संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जळगाव, धुळे, भुसावळ या भागांत अजूनही हाती लागतात, पण त्या दुकानात क्वचित. बहुधा भंगारवाल्याकडे, किंवा जुने घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत. किंमत विचारण्याआधी तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी लाखेची असते, जड आणि ठिसूळ. तिला केसाएवढी चीर गेली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माठ घेताना वाजवून पाहतात तशी कडेवर हलकी टिचकी मारावी. चीर गेलेली तबकडी फुटक्या आवाजात बोलते. लाँग प्ले तबकडी व्हिनाइलची असल्यामुळे फुटत नाही, पण वाकते. सपाट काचेवर ठेवल्यावर कडा उचललेली दिसली तर ती घेऊ नये.

खानदेशात खरा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. धाब्याचे घर असेल तर आतली खोली उत्तम. नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नये. तबकड्या वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत.

धुण्यासाठी विंधन विहिरीचे पाणी वापरू नये, कारण ते वाळल्यावर तबकडीच्या खाचांत, म्हणजे सुई जिथून फिरते त्या रेघांत, क्षार राहतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेसे होतात. लेबल कोरडे ठेवावे आणि मऊ फडके खाचांच्या दिशेने फिरवावे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. मी हे पहिल्याच वर्षी शिकलो: चकाकणारा काळा पृष्ठभाग बोटाखाली चिकट, राखाडी झाला आणि त्यावरची भैरवी कायमची गेली.

आता ऐकणे. ७८ च्या खाचा रुंद असल्याने लाँग प्लेची बारीक सुई त्यांच्या तळाला घासते आणि खरखर तेवढी उचलते. म्हणून वेगळी, जाड टोकाची सुई घ्यावी. त्याहून महत्त्वाची बाब वेगाची. सुरुवातीच्या काळातल्या अनेक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्याच नाहीत, आणि वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की आवाज हार्मोनियमवर एक पट्टी (म्हणजे शेजारच्या कळीवर) सरकतो. मग काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, त्याच्या ताना उगाच चपळ वाटतात, आणि परीक्षक त्या चपळाईचेच कौतुक लिहून बसतो. म्हणून गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कोणत्या कळीवर असतो ते, ठाऊक असेल तर तंबोऱ्याच्या षड्जाशी (सा) ताडून वेग बसवावा आणि तो परीक्षणात नोंदवावा.

परीक्षण लिहिताना तबकडीच्या मर्यादेतून गायनाकडे पाहावे. दहा इंची ७८ च्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना विस्तार कमी पडला असे म्हणणे अन्यायाचे आहे. एवढ्या वेळात त्यांनी काय ठेवले आणि काय गाळले, हा तिथला प्रश्न आहे. उलट अमीर खाँसाहेबांच्या मारवा आणि दरबारीच्या लाँग प्लेवर प्रत्येक रागाला एक अख्खी बाजू मिळाली आहे, तेव्हा तिथे विलंबिताची बढत, म्हणजे संथ लयीतला रागाचा क्रमाक्रमाने विस्तार, तपासण्याचा हक्क परीक्षकाला आहे. ‘आवाज स्वर्गीय आहे’ अशी वाक्ये वाचकाच्या काही कामाची नसतात. तालाच्या कोणत्या आवर्तनात सम (तालाची पहिली मात्रा) कशी गाठली, हे लिहावे. (भास्करबुवा बखल्यांसारख्यांचे गाणे मुद्रितच उरले नाही, म्हणून जे उरले त्याचे नीट वर्णन व्हावे, असे मला वाटते.)

प्रत्येक तबकडीची वहीत नोंद असावी: कलाकार, राग, ताल, बंदिश, लेबलवर असल्यास साथीदार, कंपनी, लेबलवरचा क्रमांक, आणि खाचा संपल्यावर लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांकही. लेबल फाटले तरी हा दुसरा क्रमांक टिकतो. संगणकावर उतरवताना खरखर न काढलेली एक प्रत कायम राखावी, कारण खरखर घालवणारे सॉफ्टवेअर मागचा मंद तंबोराही बऱ्याचदा त्याच झाडूने काढून टाकते.