एअर फोर्कचा सॅग घरीच लावा

नव्या माउंटन बाइकचा एअर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा हवेवरचा शॉकर, दुकानातून येतो तसाच वापरू नका. त्यातली हवा तुमच्या वजनाला जुळलेली नसते, म्हणून सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते, जुळवावा लागतो. यासाठी शॉक पंपच (फोर्कमध्ये हवा भरायचा खास पंप) घ्या. टायरच्या पंपाने इतका नेमका दाब भरता येत नाही.

हेल्मेट, पाण्याची बॅग, बूट असं राइडचं सगळं अंगावर चढवा. कॉम्प्रेशन, म्हणजे फोर्कचं दबणं कडक करणारी खुंटी, पूर्ण उघडं ठेवा. फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सीलपर्यंत (नळी खालच्या जाड नळीत शिरते तिथली रबरी कड) सरकवा, भिंतीचा आधार घेऊन हलकेच पेडलवर उभे राहा आणि न उसळता उतरा. रिंग जितकी वर सरकली तितका सॅग. ट्रेलसाठी ट्रॅव्हलच्या, म्हणजे फोर्क एकूण जितका दबू शकतो त्याच्या, साधारण २० टक्के धरा, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कला २४ मिमी. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर थोडी सोडा. दर वेळी फोर्क चारपाच वेळा दाबून मगच पुन्हा मोजा, कारण आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब त्यानेच समतोल होतो. हे बहुतेक जण विसरतात आणि माप चुकतं.

रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, त्यानंतर लावा. वजन बदललं की तोही बदलतो.

देखभालीत सर्वांत मोलाचं काम म्हणजे राइडनंतर नळ्या आणि सीलची कड मऊ फडक्याने पुसणं. पावसाळ्यात सह्याद्रीतला लाल चिखल सीलपाशी वाळू देऊ नका. प्रेशर वॉशर तिथे मारू नका, गंज काढायचा स्प्रेही नको. फोर्कच्या खालच्या जाड नळ्यांतलं तेल बऱ्याच फोर्कना दर ५० तासांनी बदलावं लागतं. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघा.